सर्वांत खालचा खिसा

८ जानेवारी

हा डग्लस कोण?

पत्नीच्या आजारपणाचे कागद आज तारीखवार लावले. एकूण बेचाळीस. क्रमांक तीन : सोनोग्राफीचा अहवाल, दिनांक ४ मार्च. त्यात एक ओळ आहे – 'डग्लस पाउचमध्ये किंचित द्रव.' आणि समासात माझ्याच हस्ताक्षरात : 'वाचले. विशेष काही नाही. १५ मार्च.' खाली स्वाक्षरीसुद्धा!

नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षे मी इतरांच्या मसुद्यांतील चुका काढल्या. न समजलेल्या ओळीवर स्वाक्षरी करणारा कारकून मी दिवसभर टेबलासमोर उभा केला असता.

९ जानेवारी

तो प्रसंग जसाच्या तसा आठवतो. ती शिलाई यंत्रावर बसली होती. अहवाल माझ्या हाती देऊन पुन्हा पायडल मारू लागली, मग थांबली. "अहो, हा डग्लस कोण?"

मला ठाऊक नव्हते. आणि 'ठाऊक नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघालेले नाहीत. म्हणालो, "असतील कोणी तज्ज्ञ. तपासणीच्या पद्धतीला त्यांचे नाव दिलेले दिसते. काळजीचे कारण नाही."

"बरं," ती म्हणाली. यंत्र पुन्हा सुरू झाले.

ऑगस्टमध्ये तिचे पोट फुगले तेव्हा आम्ही रुग्णालयात धावलो. ऑक्टोबरमध्ये ती गेली. मार्च ते ऑगस्ट – पाच महिने. माझ्या त्या शेऱ्याने खाल्लेले.

१२ जानेवारी

ग्रंथालयातून शरीररचनेचा कोश आणला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता डॉक्टर व्हायचंय की काय, काका?" मी कोश पिशवीत टाकला.

डग्लस हे सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे शरीररचनाशास्त्रज्ञ. गर्भाशयाच्या मागचा खळगा त्यांचा. खळग्याच्या कडेची घडी त्यांची. पोटाच्या भिंतीवरची एक रेषाही त्यांचीच! मोजणीला आलेल्या गृहस्थांनी मोजलेल्या प्रत्येक जागेवर स्वतःचे नाव चढवावे, तसला हा प्रकार. आमच्या कार्यालयात अशी नोंद दुपारपर्यंत रद्द झाली असती.

ते एकटेही नाहीत. लहान आतड्यात केर्कक्रिंगच्या वळ्या. पित्ताशयाच्या नळीत हाइस्टरची झडप. गुदाशयात ह्यूस्टनच्या घड्या – गुदाशयाच्या घड्यांना आपले नाव लाभावे, यात कोणाला कसला मोठेपणा वाटतो ते मला तरी उमगत नाही. माझ्या पत्नीच्या शरीरात इतके परके पुरुष पाट्या लावून बसले होते आणि एकानेही तेथे काय आहे हे पाटीवर लिहिले नाही!

'गर्भाशयामागचा खळगा' असे साधे लिहिले असते, तर मी चौकशी केली नसती का?

१३ जानेवारी

केली असती.

१४ जानेवारी

कदाचित.

१७ जानेवारी

रुग्णालयाला द्यावयाच्या निवेदनाचा चौथा मसुदा पूर्ण. मागणी एकच : अहवालात व्यक्तिनामे न वापरता अवयवांची वर्णनात्मक नावे द्यावीत.

मुलीचा फोन. मसुदा वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग – "बाबा, आईला जाऊन तीन महिने झाले. आणि तुम्ही मेलेल्या माणसाशी भांडताय! तेही तीनशे वर्षांपूर्वीच्या!"

"भांडत नाही. निवेदन देत आहे."

"जेवलात का?"

हा प्रश्न विषयाला धरून नव्हता.

१९ जानेवारी

पलीकडच्या गल्लीतील एक बाई आल्या. पत्नीकडे कोट शिवायला टाकला होता म्हणे, कोट मिळाला पण अस्तर राहिले आहे. "काका, आता दुसरीकडून करून घेईन, पण माझं माप काकूंच्या वहीतच आहे हो. एवढं बघून द्याल?" मी सांगितले, तिचे कपाट अद्याप उघडलेले नाही. "मग कधी उघडाल?" – काय हा प्रश्न! मी दार लावून घेतले. पुरेशा सौजन्याने नव्हे.

२४ जानेवारी

रुग्णालयाचे उत्तर : 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.'

हे वाक्य मी स्वतः एकतीस वर्षे लिहिले आहे. त्याचा अर्थ कोणी मला शिकवू नये!

२८ जानेवारी

अखेर पत्नीच्या डॉक्टरबाईंना समक्ष भेटलो. अहवाल पुढे ठेवला, माझ्या शेऱ्यासह.

त्यांनी कागद घेतला, उलट्या बाजूला आकृती काढली. "हे बघा. पोटाला आतून अस्तर असतं, कोटाला असतं ना तसं. ते गर्भाशयावरून खाली उतरतं, मागे वळतं आणि वर चढतं. त्या वळणात खिसा तयार होतो. उभ्या माणसाच्या पोटात हीच सर्वांत खालची जागा. जे काही पाझरतं ते इथे येऊन साचतं."

तीनशे वर्षांत प्रथमच कोणी स्पष्ट बोलले. मी तसे म्हणालो.

"ही उपमा माझी नाही हं. एका पेशंटने दिली. तेव्हापासून सगळ्यांना अशीच सांगते."

मग मी विचारले. पाच महिने आधी आलो असतो, तर?

त्या माझ्या शेऱ्याकडेच पाहत राहिल्या. "मार्चमध्येही फारसं काही हातात नव्हतं. तुम्ही हे मनातून काढून टाका."

"हे सांत्वन आहे की वैद्यकीय मत?"

"मत."

सोनोग्राफीच्या एका ओळीवरून? मी कागद परत घेतला. सांत्वन ओळखण्याइतके लोक गेल्या तीन महिन्यांत माझ्या घरी येऊन गेले आहेत.

३ फेब्रुवारी

कोटवाल्या बाई पुन्हा! या वेळी दारातच बसल्या. "काका, कडाक्याची थंडी आहे आणि मी अर्धा कोट घालून हिंडतेय." उद्या माप देतो, असे कबूल करून बसलो. आता उघडणे आले.

४ फेब्रुवारी

वही सापडली. तिने कोणाचेच नाव लिहिलेले नाही. 'उंच मास्तरीण', 'डावा खांदा उतरता', 'कोटवाली, घाईची'. कोटवालीचे माप उतरवून दिले.

पुढच्या पानावर मथळा : 'मी'.

'५ मार्च. कंबर ३१. डॉक्टरबाईंना विचारले. डग्लस म्हणजे अस्तराचा सर्वांत खालचा खिसा. त्यांना माझे अस्तर फार आवडले, हसल्या.'

'११ मार्च. दुसरी तपासणी. अहवाल डॉक्टरबाईंकडेच ठेवला. पसरले आहे. औषधाने थोडे महिने, तेही अंथरुणात. नको म्हटले.'

'१४ मार्च. यांना सांगायचे आहे. एकदम नको. उद्या त्या नावापासून सुरुवात करते.'

'१५ मार्च. कंबर ३१॥.'

पुढे केवळ मापे आहेत.