पेटीमागचे कोपर माझेच असल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
नदीकाठ नागरी सांस्कृतिक केंद्र,
कोथरूड, पुणे.

विषय : दि. २१ डिसेंबरच्या समारंभाच्या चित्रफितीत पेटीमागे दिसणारे कोपर अर्जदाराचेच असल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) कादंबरीस पुरस्कार दिल्याचे आपले पत्र.
२) त्याच पाकिटातून निघालेले, पेटीच्या साथीस बोलावणारे आपले दुसरे पत्र.

महोदय,

१. मी, शमशुद्दीन तांबोळी, धायरीतील एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे संगीत व मराठी शिकवतो. शाळेत मला पेटीवाले सर म्हणतात, गाण्याच्या बैठकीत मास्तर म्हणतात, आणि साहित्यिकांत काय म्हणतात ते अद्याप कानावर आलेले नाही. 'घंटेनंतरची पाच मिनिटे' ही माझी एकुलती एक कादंबरी. लिहायला अकरा वर्षे लागली. तीनशे प्रती छापल्या, पैकी दोनशे बारा घरच्या दिवाणाखाली सुखरूप आहेत. अशा कादंबरीस आपण पुरस्कार दिलात, हे आपले औदार्य की नजरचूक, यात मी शिरत नाही.

२. संदर्भ क्र. २ अन्वये, त्याच समारंभात मी पेटी वाजवावी व सत्कारमूर्ती मंचावर येत असताना सूर एक क्षणही खंडित होऊ नये, असे आपण कळवले होते. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. मी दोन्हींना होकार दिला. नाही म्हणणे मला जमत नाही. निरोप समारंभ असो वा कुणाची एकसष्टी, पेटी म्हटले की मी निघालोच.

३. माझे नाव पुकारले गेले तेव्हा माझा एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर होता. शेजारी तबल्यावर श्री. पोपटराव कांबळे होते. टपाल खात्यातून निवृत्त, पांढरी दाढी, खादीचे जाकीट. सत्कारमूर्ती येताना तबल्याला काम नसते, म्हणून मी त्यांना हनुवटीने खुणावले, की जा, तेवढे घेऊन या. ते गेले. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाला आणि लगेच हाती माईक आला. "अहो, मी तबलजी आहे," असे पोपटरावांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. सभागृहाने हा लेखकाचा विनय समजून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी धीर येऊन ते चौदा मिनिटे बोलले. उत्तम बोलले. मी यमन वाजवत राहिलो, कारण थांबा असे मला कुणी सांगितले नव्हते.

४. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटो त्यांचा व नाव माझे असे छापून आले. तेव्हापासून पोपटरावांना बोलावणी येतात. खराडीच्या एका कंपनीत त्यांनी 'क्रिएटिव्ह रायटिंग'चे वर्कशॉप घेतले. "लेखक मी नाही," असे ते प्रत्येक ठिकाणी सांगतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या साधेपणाचे कौतुक होते. आमच्याच शाळेने त्यांना स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. स्वागतगीताला पेटीवर मी होतो. मुख्याध्यापिका सुशीलाबाई नंतर मला म्हणाल्या, "बघा सर, तुमच्याच नावाचे आहेत. नुसतं नाव असून काय उपयोग?" माझी पत्नी हुस्नबानू हिचे मत असे, की झाले ते बरेच झाले. "तुम्ही गेला असतात तर माईकला नमस्कार करून परत आला असतात," असे ती म्हणाली.

५. या गाजावाज्यामुळे कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत आहे. जुने प्रकाशक वारले. आता त्यांचे पुतणे श्री. गोपाळकृष्ण काम पाहतात. मलपृष्ठावर ते पोपटरावांचा फोटो छापणार आहेत. मी आधार कार्ड दाखवले. ते म्हणाले, "तुम्ही तांबोळी आहात हो, पण ते लेखक तांबोळी नाही. केंद्राचा कागद आणा." केंद्राची चित्रफीत मी तीनदा पाहिली. तीत मंचावरचे सर्व जण दिसतात. माझे मात्र फुलदाणीमागून फक्त उजवे कोपर दिसते. बाहीवर हुस्नबानूने केलेले रफू आहे, त्यावरून ओळख पटावी. ते कोपर माझे असून, पुरस्काराच्या वेळी ते पेटीत गुंतले होते, असा दाखला मिळावा.

६. आता खरे सांगतो. खोट्या अर्जावर दाखला मिळत नाही, असे मी मुलांना शिकवतो. मिळतो, हे मलाही माहीत आहे. पण पेटी अर्धे मिनिट थांबली असती, तर आपण मला फासावर दिले नसते. मला उठता आले असते. मी घाबरलो. पेटी वाजत असली, की आपल्यासाठी टाळ्या किती पडल्या ते ऐकू येत नाही. अकरा वर्षे लिहिले त्याला कुणी टाळीच वाजवली नाही तर, या भीतीने मी पट्ट्या सोडल्या नाहीत. गवयांत मी शिक्षक असतो, शिक्षकांत लेखक आणि लेखकांत पेटीवाला. परीक्षा ज्या वर्गात चालू असते, त्याच्या शेजारच्या वर्गात मी कायम हजर असतो. नातेवाईक याला अष्टपैलुत्व म्हणतात.

७. येत्या २७ तारखेस आपल्या केंद्रात 'कादंबरीकाराशी गप्पा' आहेत. पाहुणे श्री. तांबोळी, म्हणजे पोपटराव, आणि पेटीवर मी, असे पत्र आले आहे. पोपटरावांनी मला काल निक्षून सांगितले, "सर, या वेळी मी तबला सोडणार नाही. तुम्ही हनुवटी हलवा नाहीतर अख्खी मान हलवा."

सबब विनंती, की दाखला देणे नियमात बसत नसेल तर राहू द्यावे. फक्त त्या दिवशी तांबोळी हे नाव पुकारताना पेटी एक मिनिट बंद ठेवण्याची लेखी परवानगी मिळावी. तेवढ्या शांततेत माझ्या चपलांचा आवाज होईल, तो कृपया होऊ द्यावा. उठून माईकपर्यंत जायचे काम मी स्वतः करीन.

आपला नम्र व तूर्त पेटीवरच असलेला,
(सही)
शमशुद्दीन इब्राहिम तांबोळी
धायरी, पुणे

सोबत :
१) कोपराचे छायाचित्र.
२) कादंबरीची एक प्रत. परत करण्याची घाई नाही.
३) स्वतः तांबोळी नसल्याबद्दल श्री. पोपटराव कांबळे यांचे निवेदन. (मजकूर त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिला आहे. लिहायचे काम तुमचे, असे ते म्हणाले.)
४) अर्जदाराचे छायाचित्र, पेटीशिवाय. असे हे पहिलेच असल्याने जपून ठेवावे.