मामांची सोन्याची पिन

३ मार्च, सोमवार
कौन्सिलच्या बोर्डावर जाहिरात लागली: गृहनिर्माण विभागाचा प्रमुख. एकोणीस वर्षं जिच्याकडे बघत डबा खाल्ला, ती खुर्ची रिकामी झाली. मला ती हवीच आहे. अट: आयरिश बोलता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा २७ला. शाळेत चौदा वर्षं शिकलोय. भाषा आत आहेच, नुसती धूळ झटकायची.
संकल्प: रोज एक तास. उद्यापासून.

५ मार्च
काल पॅनकेकचा मंगळवार. सात खाल्ले. भरल्या पोटी अभ्यास होत नाही.
आजपासून लेंट, ईस्टरपर्यंतचे उपास. लोक चॉकलेट सोडतात, मी इंग्रजी सोडलं. पावणेनऊला परत धरलं. नेसा वैतागली, "ब्रेड संपलाय एवढंच ना? मग तोंडाने सांग की! हातवारे कसले करतोस?" बायकोचा असा पाठिंबा.

८ मार्च
मामांच्या पेटीत कोटाला लावायची पिन सापडली, सोन्याची छोटी रिंग. ही ज्याच्या कोटावर, त्याच्याशी खुशाल आयरिशमध्ये बोलावं. जेमतेम येणाऱ्यांसाठी चांदीची असते. स्वतःला कमी लेखणं मला पटत नाही.
नेसा म्हणाली, "अरे, तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही." म्हटलं, आधी वातावरणनिर्मिती लागते.

१० मार्च
पिनचा परिणाम जबरदस्त. कोलम खाटीक दोन मिनिटं आयरिशमध्ये बोलला. मी मान डोलावत राहिलो. घरी पुडकं उघडलं तर दीड किलो लिव्हर.

१३ मार्च
लिव्हर. पुस्तक अजून उघडलेलं नाही.

१७ मार्च, सकाळी ११
सेंट पॅट्रिक डेची परेड. आमच्या साहेब हॅनफिनबाईंनी पिन पाहिली. "लोर्कन, इतकी वर्षं दडवून ठेवलंस होय रे!" मी नुसता लाजलो.

१९ मार्च
बाईंनी बोलावलं. तोंडी परीक्षेचे आयरिशवाले परीक्षक पाय मोडून घरी. "सोन्याची पिन आपल्याकडे तुझ्याच कोटाला. बसतोस का त्यांच्या जागी? मग अर्ज मात्र मागे घ्यावा लागेल."
विचार केला. परीक्षा देण्यापेक्षा घेणं सोपं. शिवाय खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा बसवणारा मोठा. अर्ज मागे घेतला. घरी येईपर्यंत फार वाईट वाटत होतं. नेसाला अजून सांगितलेलं नाही.

२७ मार्च
तीन उमेदवार. बाकीच्या दोन परीक्षकांना आयरिश येत नाही. माझा चेहरा बघून तेही गुण देत होते. मी सगळ्यांना मान डोलावली.
शेवटी आमच्याच विभागातली एथ्ना. आयरिश शाळेत शिकलेली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिने मलाच काहीतरी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मी आयरिशमध्ये "उत्तम!" म्हणालो आणि पैकीच्या पैकी दिले. माझा आब राहिला.

१ एप्रिल
एथ्ना खुर्चीत. मला आत बोलावून दार लावलं आणि चक्क इंग्रजीत बोलली. "लोर्कन, त्या दिवशी मी दोनदा विचारलं, 'मी काय बोलतेय ते तुम्हाला कळतंय का?' तुम्ही उत्तम म्हणालात."
मी पिनवर हात ठेवला.
"कुणाला सांगितलेलं नाही मी. ही पिन तुमच्या मामांच्या कोटावर पाहिलीय मी. घरी जपून ठेवा. सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत या, शिकवते."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिन तिथेच काढली. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभा होतो.
कोटाला भोक दिसतंय. बरं नाही दिसत ते. सोमवारच्या आत चांदीची कुठे मिळते बघायला हवं.