भागीरथीबाईंची तीन फूट जागा

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

आज घोडेगावजवळच्या वस्तीत घरकुलांच्या जागा मोजल्या. यादीत पहिलं नाव भागीरथीबाईंचं. एकट्या राहतात, डोळ्यांनी दिसत नाही. टेप लावला, तर जागा नियमापेक्षा तीन फूट कमी. फक्त तीन फूट! ग्रामसेवक म्हणून नियम मलाच सांगावा लागला. रस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत जा, नाहीतर घरकुल पुढच्या नावाला जाईल.

"तिकडं नगं, सायेब. हितली हापशी, दुकान, समदं माज्या पायाला ठावं हाय. तिकडं मला कोन हाय?"

पुढचं नाव शेजारच्या काशिनाथचं. त्याचंही घर कुडाचंच, चार लेकरं. तो कुंपणापाशी उभा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस मला होईना.

एकदम तो पुढं आला आणि त्यानं मधलं काट्यांचं कुंपण उपटलं. "घ्या तीन फूट माज्यातली. लिहून देतो. मावशी हितंच ऱ्हाईल."

"अरे, पण घरकुल तुला मिळालं असतं!"

"मिळंल पुढच्या यादीत. माजी पोरं हिनंच सांबाळली, सायेब."

भागीरथीबाईंनी चाचपडत त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

त्याच्या जागी मी असतो तर तीन फूट दिली असती? खरं सांगायचं तर माहीत नाही. पण अशा माणसांत नोकरी मिळाली, याबद्दल आज फार कृतज्ञ वाटतंय.

संमतीपत्रावर सही झाल्यावर काशिनाथ लगेच भागीरथीबाईंच्या घराच्या पायाची आखणी करायला लागला. मी सायकल भिंतीला टेकवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.