भिंतीपलीकडचं बांधकाम

३ जुलै

हसले आणि अडकले.

सभेत मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्या शाळेचा परदेशातल्या एका शाळेशी सहयोग होणार आहे. मुलांमध्ये प्रेरणा आणि सहिष्णुता निर्माण करायची आहे." मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांच्या तोंडी प्रत्येक गोष्ट 'निर्माण' होते. मी हसले. आवाज न करता, पण माझं तोंडच मेलं चुगलखोर. "तुम्हाला आनंद झालेला दिसतोय. मग समन्वयक तुम्हीच." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

काम असं – महिन्यातून दोनदा पडद्यावर सातवीच्या मुलांनी एकमेकांशी बोलायचं. इंग्रजीत. तिकडच्यांचीही ती मायबोली नाही म्हणे. म्हणजे दोन्हीकडे सारखीच मोडकी. समतेची सुरुवात तरी चांगली आहे.

"सातवीची कोणती तुकडी?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? अ."

"आणि ड?"

"ड नंतर."

ड माझी. वर्गशिक्षिका मी. आणि या शाळेत 'नंतर' ही वेळ नाही, माळा आहे. तिथे टाकलेली वस्तू खाली आलेली मी अजून पाहिलेली नाही.

७ जुलै

वाक्यं तयार. तिकडच्या मुलांचे प्रश्न आधीच आलेत, ओळीने. उत्तरं मोठ्या बाईंनी सांगितली, मी इंग्रजीत घातली. एका मुलाला एक वाक्य. सभागृहात जमिनीवर खडूचं वर्तुळ काढलंय. आपली पाळी आली की त्यात उभं राहायचं, वाक्य म्हणायचं, बाजूला व्हायचं. शेवटचं वाक्य अर्थात 'पहिला नंबर'कडे. (अ मधला. दरवर्षी तोच येतो, आता घरीही त्याला याच नावाने हाक मारत असतील.) त्याचं वाक्य – "आमच्या शाळेत आम्ही सगळ्यांना सामावून घेतो."

आणि तेवढा तास ड तुकडी मागच्या व्यायामशाळेत, खेळाच्या सरांच्या ताब्यात. मध्ये नुसती फळ्यांची भिंत.

"आवाज येता कामा नये," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अडतीस पोरांना तासभर श्वास रोखायला लावू का?" खेळाचे सर.

"नवा खेळ म्हणून शिकवा," मी.

कोणी हसलं नाही. शिक्षकांच्या खोलीत विनोद बिनपगारी रजेवर असतो.

१४ जुलै

आज पहिला संवाद. कसा झाला ते इथे लिहून ठेवते, कारण अहवालात वेगळंच लिहायला लागणार आहे.

तिकडे तिसरा प्रश्न विचारणारी मुलगी तापाने घरी. त्यांनी तिचा प्रश्न गाळला आणि पुढे सरकले. आमच्यांनी काही गाळलं नाही. पाठांतर म्हणजे पाठांतर!

तिसरा प्रश्न होता, तुम्हाला अभिमान कशाचा वाटतो. तो आलाच नाही. आला चौथा – "तुम्हाला कंटाळा कशाचा येतो?" आमची तिसरी मुलगी वर्तुळात येऊन, मान ताठ, खणखणीत आवाजात – "शाळेच्या शिस्तीचा आणि मोठ्या बाईंच्या मार्गदर्शनाचा."

पलीकडे माना एकमेकींकडे वळल्या. मग पाचवा प्रश्न – "सुट्टीत तुम्ही काय करता?" आमचा चौथा – "आळस."

तिकडे एक जण फुटला. मग सगळेच. त्यांचे दाढीवाले सर तोंड फिरवून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता. आमची मुलं बिचारी पुढची वाक्यं म्हणतच राहिली. थांबायचं कुठे हे आम्ही शिकवलंच नव्हतं.

शेवटी पहिला नंबर. "आमच्या शाळेत आम्ही सगळ्यांना सामावून घेतो." आणि नेमक्या त्या घडीला फळ्यांमागून – "आऽऽऊट! आउट म्हणजे आउट!" तो आवाज शाळेत कोणालाही ओळखू येईल. माझ्या वर्गातली भोंगा. देवाने तिला घसा दिला आणि मग बंद करायची कळ द्यायला विसरला.

पडद्यावरच्या एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "तिकडे कोण ओरडतंय?"

मोठ्या बाई माइकाशी वाकल्या. गोड हसल्या. "काही नाही. बांधकाम चालू आहे."

१५ जुलै

वर्गात गेले तर फळ्यावर विटा काढलेल्या. शेजारी – 'काम चालू. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' कालची बातमी अ मधून ड मध्ये यायला एक मधली सुट्टी पुरते.

मी पुसलं नाही. विटा चांगल्या काढल्या होत्या.

सगळे खिदळत होते. भोंगा सोडून. तास संपल्यावर माझ्यामागे आली आणि तिच्या मानाने अगदीच हळू, म्हणजे फक्त जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, म्हणजे आपण आहोत, हे त्यांना माहीतच नाही?"

ही मुलगी एक दिवस येते, दोन दिवस धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. हजेरी अशीच राहिली तर महिनाअखेरीला नाव कमी होणार, तशी चिठ्ठी मोठ्या बाईंनी माझ्याकडे दिलेलीच आहे. मी एरवी तिखट बोलायला कमी करत नाही. आज मात्र नुसतं "बघू," म्हणाले. 'बघू' म्हणजे 'नंतर'ची सख्खी बहीण. स्वतःचीच लाज वाटली.

१६ जुलै

दाढीवाल्या सरांना पत्र पाठवलं. कोणाला न विचारता. 'परवा तुम्ही ऐकलंत ते बांधकाम नव्हतं. अडतीस मुलं होती. वाक्यं बिघडवतील म्हणून भिंतीमागे ठेवली होती.'

नवऱ्याने खांद्यावरून वाचलं. विमा विकतो, त्यामुळे त्याला सगळीकडे धोकाच दिसतो. "तुझी जीभ एक दिवस तुला घरी बसवणार."

"मग तुला गरम चहा तरी मिळेल," म्हटलं.

"तू घरी असलीस की मीच करतो चहा," म्हणाला. खरं आहे. पण पत्र गेलं.

२० जुलै

उत्तर आलं. जसंच्या तसं मनात बसलंय.

'बाई, आमचं बांधकाम त्या दिवशी बसमध्ये बसवून संग्रहालयात पाठवलं होतं. दर वेळी पाहुणे आले की त्यांना तेच संग्रहालय दाखवतात. आता ती मुलं तिथल्या पहारेकऱ्याला चुका दाखवतात. दोन्ही बांधकामं समोरासमोर बसवू या का?'

दुरून डोंगर साजरे म्हणतात. जवळून पाहिलं तर त्याही डोंगरामागे बस उभी!

वर्गात वाचून दाखवलं. भोंगाने पहिला प्रश्न केला, "बाई, 'तू खोटं बोलतोस' हे इंग्रजीत सभ्यपणे कसं म्हणायचं?" म्हटलं, आधी ओळख तर होऊ दे. "नाही, तयारी असलेली बरी." १५ तारखेपासून ती रोज येते आहे. भावाचं काय केलंस विचारलं, तर म्हणे, "आईला सांगितलं, शाळेत भांडण आहे, मला जायलाच पाहिजे." सरकारी भाषेत यालाच प्रेरणा म्हणत असावेत.

२३ जुलै

बोलावणं आलं. तिकडच्या मुख्याध्यापकांनी आमच्या मोठ्या बाईंना 'तुमच्या बांधकामाला' भेटायची इच्छा कळवली. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"शाळेची अब्रू वेशीवर टांगलीत तुम्ही."

"मी फक्त भिंत कुठे आहे ते सांगितलं."

त्यांनी समोरची फाइल बंद केली. मग वेगळ्याच आवाजात, "अहो, घरी पहिल्यांदा पाहुणे येणार म्हटलं की आपण पसारा आतल्या खोलीत ढकलतोच ना? तुम्ही नाही ढकलत?"

"ढकलते. पसारा ढकलते. पोरं नाही."

वाईट बाई नाहीत त्या. गळकी शाळा हाती आली होती, छप्पर यांनीच बदलून घेतलं. पण छप्पर नीट झाल्यापासून त्याखाली कोण दिसावं याची काळजी लागलीय. शेवटी म्हणाल्या, "२८ तारखेला ड सभागृहात पाऊल टाकणार नाही. हा लेखी आदेश समजा. आणि पत्राबद्दल लेखी खुलासा द्या."

२४ जुलै

खुलासा लिहिला. नवऱ्याने वाचला. म्हणाला, "हा खुलासा नाही, हा दुसरा गुन्हा आहे." तसाच दिला.

२८ जुलै

ड सभागृहात पाऊल टाकणार नाही – आदेश पाळला. एकानेही टाकलं नाही. मी सभागृहच त्यांच्याकडे नेलं.

सकाळी खेळाच्या सरांनी पडदा खांद्यावर घेतला, मी तारांची गुंतवळ, आणि अ तुकडीची वरात मागून व्यायामशाळेत. पहिला नंबर दारात अडखळला. "बाई, इथे वर्तुळ नाही. मी उभा कुठे राहू?" भोंगाने गादीवर सरकून जागा केली. "बस इथे. उभं राहायला कोणी सांगितलंय?" तो जन्मात पहिल्यांदा विनावाक्याचा बसला.

पडदा लागला. पलीकडे गच्च भरलेली खोली. आज बस सुटलेली नव्हती. आणि मग – काहीच नाही. दोन खोल्या एकमेकींकडे बघत बसल्या. वाक्य कोणाकडेच नव्हतं. भोंगासुद्धा गप्प! मला वाटलं, संपलं, आता उद्यापासून चहा घरी.

चष्मेवाली पुढे आली. "तुम्हीच का ते बांधकाम?"

भोंगा उठली. "हो. संग्रहालय तुम्हीच ना?"

आणि मग जे सुटले!

सगळं गोडगोड झालं असं लिहिणार नाही, ते अहवालात लिहायचं असतं. तिकडच्या एका लांबोड्याने विचारलं, तुमची भिंत इतकी पडकी का, तुम्ही गरीब का? आमचा एक जण उसळून म्हणाला, तुझं नाक आमच्या भिंतीपेक्षा वाकडं आहे. अ वाले शरमले, ड वाले टाळ्या पिटायला लागले, तिकडचे आपसात भांडायला लागले. मी उठणार तोच भोंगा ओरडली – आधी मराठीत, मग इंग्रजीत, म्हणजे कोणी सुटायला नको – "त्याला पुरतं बोलू द्या! मग भांडा!"

सगळे बसले. लांबोड्याने पुरतं सांगितलं. त्याच्या घराची भिंतही अशीच आहे, ओल येते, म्हणून विचारलं. नाकवाल्याने माफी मागितली नाही, पण आपल्या घरची ओल हाताने मापून दाखवली. पुढचा सगळा वेळ दोन देशांनी ओलीवर घालवला.

'सगळ्यांना सामावून घेतो' हे वाक्य मी बसून लिहिलं होतं. भोंगाचं वाक्य उभ्याने आलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं आलं.

मध्येच मान वळवली तर दारात मोठ्या बाई. हाताची घडी. थांबवलं नाही. बराच वेळ उभ्या होत्या. मग गेल्या.

३० जुलै

समन्वयकपदावरून मला मुक्त करण्यात आलंय. 'मुक्त' हा शब्द त्यांचाच. पुढचे संवाद मोठ्या बाई स्वतः घेणार. सभागृहात, वर्तुळासह, अ बरोबर.

काढलं तर काढलं. विटा मांडून झाल्यावर गवंड्याला घालवून काय उपयोग?

भोंगाचं नाव मात्र कमी झालेलं नाही. पंधरवड्याची हजेरी सलग. चिठ्ठी फाडून मोठ्या बाईंच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकून आले. मुद्दाम त्यांच्याच टोपलीत.

४ ऑगस्ट

तिकडच्या मुलांनी मोठ्या बाईंना पत्र पाठवलंय, सगळ्यांच्या सह्यांचं. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी ते स्वतः वाचून दाखवलं. औषध पिताना नाक धरतात तसा चेहरा करून, पण पूर्ण वाचलं.

'आम्हाला पुन्हा व्यायामशाळेतच भेटायचं आहे, सगळ्यांना. वाक्यं नकोत. आणि शक्य असेल तर शिक्षकही नकोत, कारण आमचे फार बोलतात.'

नाही म्हणायची सोय नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी या सहयोगाबद्दल गावभर भाषणं ठोकलीत. बाईंनी कागद घडी घालून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठीक आहे. चारही तुकड्यांतली मुलं बसतील, आलटून पालटून. ११ तारखेला ड आणि अ. पण मी आत बसणार."

"आणि मी?"

"तुम्ही मुक्त आहात."

११ ऑगस्ट

व्यायामशाळेचं दार बंद, आतून कडी. दारावर विटा काढलेला कागद – 'मोठ्यांना प्रवेश नाही.' बाहेर मोठ्या बाई, फळ्यांना कान लावून. मी दाराच्या दुसऱ्या अंगाला, बाहेरूनच, कान लावला. त्या म्हणाल्या, हे तुमचं शिकवणं. मी म्हटलं, नाही, भिंत तुमची. मग छप्पर निघालं, खुलासा निघाला, टोपली निघाली, आणि आम्हा दोघींचा आवाज कधी चढला ते कळलंच नाही. आत एकदम शांतता झाली. पडद्यातून चष्मेवालीने विचारलं, "बाहेर कोण ओरडतंय?"

भोंगा गोड आवाजात म्हणाली, "काही नाही. बांधकाम चालू आहे."