व्हरांड्यातल्या भिंतीवरची सावली

आबा, उद्या शाळेत रंगारी येणार आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चित्र तुमच्या वडिलांचं आहे, तुम्ही म्हणाल तसं करू. हवं तर तेच पुन्हा गिरवून घेऊ. दोन दिवस मी या वाक्याभोवती घिरट्या घालते आहे. व्हरांड्यातल्या भिंतीवर डावीकडे सूर्य, मध्ये पृथ्वी आणि तिच्या काळ्या सावलीत हळूहळू शिरणारे चंद्र. खाली तुमच्या वळणदार अक्षरांत ‘चंद्राच्या कला’. ते काढतानाचे तुम्ही मला अजून दिसता: शिडीवर उभे आहात, कोपरापर्यंत रंग माखलेला, आणि मी खाली डबा धरून अभिमानाने वर पाहते आहे. पण आबा, ते चित्र ग्रहणाचं आहे. कलांचं नव्हे.

शनिवारी सकाळची शाळा होती, वद्य अष्टमी. प्रार्थनेच्या वेळी पश्चिमेला कौलांवर अर्धा चंद्र फिकट दिसत होता आणि पूर्वेला आमराईवर सूर्य आला होता. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. “बाई, सावली पडायला पृथ्वी मधे नको का? ती तर आपल्या पायाखाली आहे.” मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं. “गप गो, भिंतीवर काढलंय ना गुरुजींनी.”

लहानपणी हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. आई घावणे काढत होती, मागच्या दारातून दिवसाचा चंद्र दिसत होता. ताटावरून मान न उचलता तुम्ही म्हणालात, “उलटतपासणी कोर्टात करायची. घरात खायचं.” विचारते आहे ती, उलट बोलत नाही, एवढंच आई म्हणाली. संध्याकाळी तुम्ही मिरकरवाड्याहून मासे घेऊन आलात, आणि सोबत एक पांढरा बोया, जाळं तरंगत ठेवणारा, चेंडूएवढा. खेळायला, म्हणालात. मी खेळलेही.

शनिवारी तोच बोया, मी शाळेत नेऊन ठेवलेला, प्रयोगशाळेच्या कपाटातून आणला आणि हात लांब करून उन्हात, चंद्राच्या दिशेने धरला. बोया अर्धाच उजळलेला दिसला. चंद्राइतकाच, आणि चंद्र उजळला होता त्याच बाजूने. मग मुलींना क्रमाने सांगितलं: सूर्य चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळतो. चंद्र आपल्याभोवती फिरतो, तसा त्या उजळ अर्ध्याचा कधी थोडा, कधी बराच भाग आपल्याला दिसतो. अमावास्येला उजेड पलीकडच्या अंगावर, पौर्णिमेला पुरता आपल्याकडे. पृथ्वीच्या सावलीचं यात कामच नाही. बोया हातात धरायला मुलींची रांग लागली.

तेव्हापासून मला चैन नाही. तो बोया तुम्ही खेळायलाच आणला होता का? की बाजारातून येताना तुम्हीही तो उन्हात धरून पाहिला होता? माहीत होतं, तर भिंत का बदलली नाहीत? माहीत नव्हतं, तर आता ही गोष्ट तुम्हाला मी कोणत्या तोंडाने समजावू? दोन्ही उत्तरं मला नको आहेत. आणि तिसरं द्यायला तुम्ही नाही.

चंद्र मात्र तुम्ही अचूक काढलेत. आपल्या समुद्रावर कोर होडीसारखी कलते, तशीच ती भिंतीवर कलली आहे. ते चंद्र राहतील. अक्षरं राहतील. सावली जाईल. रंगारी दहाला येतो आहे. मी आठलाच जाऊन ती खरवडणार आहे, त्याच्या हातून ते मला बघवणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. काल शाळा सुटल्यावर मी त्या सावलीचा फोटो काढून ठेवला. शाळेच्या नोंदीसाठी, असं मुख्याध्यापिकांना म्हणाले. नोंदीसाठी नाही, आबा.