शिलाईला सोडलेला इंच

दादू,

चिडू नकोस, पण तू कामावर गेल्यावर तू बनवतोयस त्या इवल्याशा व्हिडिओ गेमच्या खोक्याच्या फळ्या मी कापून टाकल्या. माप तुझंच होतं, कागदावर लिहिलेलं. पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला हात तो! सवयीने प्रत्येक कडेला एकेक इंच शिलाईला सोडला गेला. जोडल्यावर खोकं चांगलंच रुंद झालं आणि तुझ्या जुन्या मोबाईलचा स्क्रीन आत खुळखुळायला लागला. मी कपाळाला हात लावला. मग कडेने कॉलरच्या आत घालतात ते कडक बकरम ठासून भरलं, आता तो जागचा हलत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. समोरच्या फळीवर चक्क दुसऱ्या जॉयस्टिकला जागा झाली! दोऱ्याचं लाकडी रीळ, मशीनची स्प्रिंग आणि वर कोटाचं बटण घेऊन मी दांडी केलीसुद्धा. काय झकास फिरते म्हणून सांगू! वायरी तेवढ्या तू जोड, मला त्यांची भीती वाटते.

डोळे तपासून सातपर्यंत येतो. माझं दुकान तू चालवायचंस की नाही, हा विषय माझ्याकडून बंद. महिनाभर आपण बोललो नाही, ते राहू दे. खेळायला बोलावं लागत नाही.

डावीकडची दांडी माझी.

बाबा