न विकलेली ओळ

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. तेही तुमच्याच चालींच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. रागावू नका. बाजारात कागद मिळता मिळत नाही, आणि पाच दिवसांवर विमलचं लग्न आलं आहे. विमल म्हणजे माझी लेक, तुमची नात, जिला तुम्ही मांडीवर घेऊन पेटीचा भाता हलवायला लावायचात तीच. घरात पाहुणे आहेत, पापड वाळायचे आहेत, आणि मी हे लिहीत बसले आहे. कारण काल इथे धुळ्यात, आमच्या दारात, तुमची चाल वाजली.

कुठली, ते तुम्हाला सांगायला हवं का?

लहानपणी जळगावात कुणी विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?" की माझी पंचाईत व्हायची. शेत नाही, दुकान नाही, कचेरी नाही. तुम्ही चाली करून विकायचात. मुक्या चित्रांचे तंबू गावोगाव फिरायचे. पडद्यापाशी पेटीवाला आणि तबलजी बसायचे आणि त्यांना प्रसंग बघून वाजवायला तयार चाली लागायच्या. त्या तुमच्या वहीत असायच्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तुमच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं: 'पाठलाग', 'दरबार', 'देव प्रकटला', 'रडणं थोडं', 'रडणं फार'. तंबूवाला यायचा, ऐकायचा, त्याचा पेटीवाला स्वर उतरवून घ्यायचा आणि आपल्या घरात ज्वारी यायची. तुमचं नाव मात्र कुठेच नसायचं. माय त्यावरून कुरकुर करायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "नाव लिखीसन दर वाढी का?"

त्या चाली मग कुठे कुठे जायच्या! आठवतं, आपल्या गल्लीतल्या शेठजींच्या मुलाची वरात? बँडवाल्यांनी नेमकी तुमची 'पाठलाग' लावली आणि घोडा असा सुटला की नवरदेवाचा फेटा मागेच राहिला. तुम्ही ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "चाल चांगली शे," एवढंच म्हणालात.

पण तुमचा एक नियम होता. विकलेली चाल घरात वाजवायची नाही, गुणगुणायचीसुद्धा नाही. ज्याने पैसे मोजले त्याची ती. मी एकदा चूल फुंकता फुंकता 'बाजार' गुणगुणले, तर तुम्ही बाहेरून नुसते खाकरलात. मी तोंड मिटलं.

दुसरी गोष्ट, तुमच्या एकाही चालीला शेवट नसायचा. मी चिडवायचे, "आबांना शेवट जमतच नाही!" तुम्ही शांतपणे समजावून सांगायचात. फीत कधी तुटेल, प्रसंग कधी संपेल, वाजवणाऱ्याला काय माहीत? म्हणून चाल फिरून पुन्हा तोंडाशी आली पाहिजे, कितीही वेळ वाजवता आली पाहिजे आणि कुठेही थांबवता आली पाहिजे.

शेवट असलेली चाल घरात एकच होती. माझी.

दिवेलागणीला मला मांडीवर घेऊन तुम्ही ती म्हणायचात. शब्द असे नव्हतेच. शेवटची ओळ हळूहळू खाली उतरायची आणि तिथे तुम्ही माझं नाव घालायचात, "गोदू गं, गोदू." त्या ओळीआधी झोप लागू नये म्हणून मी पापण्या ताणून धरायचे. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मला ती चाल लागायची, लाज नाही वाटत सांगायला.

आणि ती तुम्ही विकलीत, आबा!

तेव्हा तुम्ही तापातून नुकते उठला होता. धुळ्याचा तंबूवाला दारात येऊन बसला. नवं चित्र लागायचं होतं, त्यात आई लेकराला सोडून जाते असा प्रसंग होता आणि त्याला ताटातुटीची चाल तिथल्या तिथे हवी होती. तुम्ही पेटी पुढे ओढलीत. एक वाजवलीत, त्याने नको म्हणून मान हलवली. दुसरी वाजवलीत, ती त्याने आधीच नेली होती. मग तुमची बोटं थांबली आणि थोड्या वेळाने माझी चाल वाजू लागली. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "हाईज द्या!" मी दारामागे उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान खाली घातलीत. त्या हंगामात आणखी कुणी तंबूवाला आला नाही. तो आला नसता तर आपण काय खाल्लं असतं, हे कळायचं माझं वय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर मी हट्टाने तुमच्या मांडीवर येऊन बसले. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "गोदू, इकेल चाल आते आपली नई शे. घरमा गावानी नई." त्या पैशातून मला हिरवा परकर आला. मी तो एकदाही नेसले नाही. मायने शेवटी त्याची गोधडी शिवली.

मी किती वर्षं धरून बसले! माझ्या लग्नात सगळे म्हणाले, आबा, लेक चालली, काहीतरी वाजवा. तुम्ही पेटी उघडलीच नाहीत. मी दमणीत बसले तेव्हा तुम्ही चाकाशी आलात, वाकलात आणि अगदी हळू काहीतरी गुणगुणलात. एकच ओळ. मी ती ओळखली. मनात आलं, विकून बसलात ना, आता कशाला? आणि मी मान फिरवली. तुम्ही मागे सरकलात आणि बैल निघाले.

पुढे बोलपट आले, पडदाच बोलू-गाऊ लागला. तंबू गेले, वहीही बंद झाली. तुम्ही व्यापाऱ्यांच्या मुलींना पेटी शिकवत राहिलात. माहेरपणाला मी येत राहिले आणि त्या दमणीविषयी आपण दोघं कधी चकार शब्द बोललो नाही. तुम्ही तरी का बोलला नाहीत, आबा? एक वाक्य पुरलं असतं!

काल बँडचे मास्तर आले, विमलच्या पाठवणीला काय वाजवणार ते ऐकवायला. मी पापडांची चाळण घेऊन अंगणात उभी होते. क्लॅरनेटवर पहिले चार स्वर आले आणि मी चाल ओळखली. चाल पुढे सरकली, उतरणीपाशी आली, आणि परत तोंडाशी गेली. पुन्हा आली, पुन्हा परत गेली. मी शेवटच्या ओळीची वाट बघतेय आणि ती येतच नाही!

"मास्तर, पुढची ओळ?" मी विचारलं.

"अक्का, पुढे काहीज नई शे. आमना वस्तादनी अशीच शिकाडी. बठ्ठा खान्देशमा अशीच वाजस."

मी चाळण खाली ठेवली आणि घरात येऊन ट्रंकेतून ही वही काढली, तुमच्यामागे माझ्याकडे आलेली आणि मी कधीच न उघडलेली. 'ताटातूट' असं लिहिलेलं पान सापडलं. सगळे स्वर आहेत, फक्त शेवटची ओळ नाही. तंबूला शेवट लागत नाही म्हणून तुम्ही ती दिली नाहीत, की माझी म्हणून ठेवून घेतलीत? तुम्हाला विचारायची सोय नाही. पण दमणीपाशी तुम्ही गुणगुणलात ती हीच ओळ होती, आबा. तेवढीच. नियम तुम्ही मोडला नव्हता. जे विकलं नव्हतं तेवढं मला देऊ केलंत, आणि मी तोंड फिरवून बसले. मला फार वाईट वाटलं. वही मांडीवर घेऊन मी खूप रडले, तुमच्या भाषेत सांगायचं तर 'रडणं फार'.

परत बाहेर आले तर मास्तर थांबलेले. म्हणाले, "तुमले येस का ती ओळ? सांगा ना, पुरी करी टाकसूत." भला माणूस हो. क्षणभर वाटलं द्यावी, तुमचं नाव सांगावं, सगळ्या खान्देशाला कळू दे. पण मी म्हणाले, "नाही येत." लेक तुमचीच ना मी.

आता मन शांत आहे. पाच दिवसांनी मांडवाबाहेर बँड तुमची चाल वाजवील, उतरणीपाशी येईल आणि मागे फिरेल. तेव्हा मी वाकेन आणि विमलच्या कानात उरलेली ओळ म्हणेन, तिचं नाव घालून. हा माझा शब्द. तिने मान फिरवली तरी मी म्हणेन. पोचायला वेळ लागतो, एवढं मला आता माहीत आहे.

तुमची,
गोदू